जेवताना न वाचायचा मजकूर

२ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं जानेवारीतलं पत्र पोचलं. तुझ्या वहिनीने रविवारी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं, अर्थात तुझ्या किड्यांची पानं वगळून. अशा मजकुराच्या समासात तू पेन्सिलने रेघ ओढून ठेवतेस, ते बरं करतेस. एकदा रेघ नसलेल्या पत्रातून तिने जंताची लांबी मोठ्याने वाचली होती आणि पाहुण्यांनी ताटं बाजूला सारली होती. शाळेत तीस वर्षं धडे वाचलेला तो खणखणीत आवाज, त्यामुळे शेजाऱ्यांनाही जेवण गेलं नसेल.

आता मुद्द्याचं. आत्या गेल्या आठवड्यापासून आमच्याकडे आहे. उजव्या कुशीत दुखतं म्हणाली. दुखणं सांगण्याची तिची तऱ्हा तुला माहीत आहे: आत कुठेतरी टाचणी राहून गेलीय, एवढंच. मला वाटलं पित्ताचे खडे असतील. सोनोग्राफी केली. खडे नाहीत, पण लिव्हरच्या उजव्या भागात संत्र्याएवढी गाठ आहे. भिंत जाड, तिच्यात जागोजागी चुना साठलेला, आणि आत लोकरीचा गुंडा गुंडाळून ठेवल्यासारखं दिसतं. कुशीतलं दुखणं चार दिवसांत आपोआप थांबलं. त्याचा या गाठीशी काही संबंध नसावा.

गाठ तुझ्या गोतावळ्यातली आहे. कुत्र्याच्या आतड्यात राहणारा जंत, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की लिव्हरमध्ये पिशवी धरते. शिवणकामाच्या दुकानाच्या पायरीवर आत्याने जन्मभर भटकी कुत्री जेवू घातली. तो लंगडा तर तिच्या मशीनखालीच झोपायचा. त्यांच्यापैकीच कोणीतरी ही परतभेट दिलेली दिसते.

अशा शंभराहून जास्त गाठी मी काढल्या आहेत. आमच्या सरांचं वाक्य होतं की हायडॅटिड, म्हणजे ही जंताची पिशवी, दिसला की काढायचा, आज झोपलेला असला तरी उद्या फुटेल आणि पोटभर पसरेल. मे महिन्यात मी निवृत्त होतोय. त्याआधी हे काम माझ्याच हातून व्हावं असं मनात आहे. आई गेल्यावर तिने आपल्याला वाढवलं, आणि माझ्या आयुष्यातला पहिला टाका मी तिच्याच दुकानात एका कॉलरवर घातला होता.

तिला अजून नीट सांगितलेलं नाही. तुमच्या केंद्रात या जंतावर बरंच काम चालतं असं ऐकतो. काही नवं असेल तर कळव. प्रकृतीला जप.

तुझा
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी आत्याची काळजी वाटली, आणि मग, खरं सांगते, हसू आलं. बावीस वर्षं मी जंतांवर काम करते आणि या बावीस वर्षांत तू पहिल्यांदा मला काही विचारलंस. मी ते वाक्य आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण तुझ्याकडे उशिरा का होईना, गिऱ्हाईक आलं.

फोन करणार होते. पण केंद्रातला एकमेव फोन कारकुनाच्या टेबलावर आहे आणि तो माणूस फोनपेक्षा मोठे कान लावून बसतो. शिवाय आत्याचा नियम तुलाही माहीत आहे. मोठ्याला तोंडावर उलट बोलायचं नाही, जे असेल ते कागदावर लिहून द्यायचं. सहलीला जायची परवानगीसुद्धा मी तुझ्याकडे चिठ्ठीने मागितली होती आणि तू त्यातल्या चुका लाल पेन्सिलने दुरुस्त करून परत दिली होतीस. तेव्हा आताही लिहूनच देते.

इथून पुढे समासात रेघ आहे. वहिनी, आत्या समोर बसली असेल, तर पान उलटा.

दादा, हे तू एकट्याने वाच आणि दोनदा वाच. तू लिहिलेलं वर्णन, चुना धरलेली भिंत आणि आत लोकरीचा गुंडा, हे मेलेल्या गाठीचं चित्र आहे. जिवंत गाठ पाण्याने टम्म भरलेली दिसते. आत पिल्लं असली तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते. गुंडा दिसायला लागला म्हणजे आतलं पाणी सुकलं, पडदा सुटून घडी पडला आणि किडा संपला. हे आम्ही पूर्वीही म्हणत होतो, पण पुरावा तुटपुंजा होता. आता तो आला आहे. आम्ही आणि दुसऱ्या दोन देशांतल्या केंद्रांनी मिळून अशा जुन्या गाठींची माणसं दहा वर्षं नजरेखाली ठेवली. औषध नाही, सुरी नाही, वर्षातून एकदा सोनोग्राफी, बस. शंभरातल्या पंच्याण्णवांच्या वर गाठी जशा होत्या तशाच राहिल्या. फुटली एकही नाही. उलट ज्यांची हौसेने काढली त्यांच्यातच पित्त गळणं, पू होणं, महिना-महिना खाटेवर पडणं. वय सत्तरीच्या पुढे असेल तर जास्तच. तुझ्या सरांच्या वेळी सोनोग्राफी नव्हती, मेलेलं-जिवंत कळायला मार्ग नव्हता, म्हणून सरसकट काढायची. ते त्यांच्या काळी बरोबर होतं. आत्या बहात्तर वर्षांची आहे. तिची गाठ तिच्याबरोबर सुखाने म्हातारी होऊ दे. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढ आणि मला पाठव. तू शस्त्रक्रियेतला माणूस, मी उंटावरून शेळ्या हाकते आहे हे कळतं. पण शेळ्या माझ्या ओळखीच्या आहेत. कृपा करून काढू नकोस.

रेघ संपली. आता ताटाकडे लक्ष द्या.

इकडे थंडी सोडत नाही. आम्ही सध्या अशा एका जीवाच्या मागे आहोत जो उंदराच्या मेंदूत शिरला की उंदराला मांजराची भीती वाटेनाशी होते. कारकुनाला सांगितलं तेव्हा त्याने गंभीरपणे विचारलं की वरिष्ठांची भीती घालवणारा एखादा मिळेल का. आत्याला सांग की तिने पाठवलेला कोट मी रोज घालते. बाह्या अर्धा इंच लांब आहेत. मुद्दाम ठेवल्या असणार, मी अजून वाढते आहे असं तिला वाटतं.

वहिनीस नमस्कार. उत्तर लवकर धाड. घरातल्यांची माया अशीच असू दे, दुसरं काय मागू.

तुझी
बारकी


२० फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल जेवताना वाचलं. कारकुनाच्या प्रश्नावर आत्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. बाह्यांचं मात्र त्यांना लागलं हं. दोन्ही हात पुढे धरून त्यांनी मला मापं सांगितली आणि म्हणाल्या, कोट बरोबर आहे, पोरगी वाळली आहे. किड्यांचा मजकूर या खेपेला पानभर होता. रेघ दिसताच मी पान उलटलं. तू इतकं बारीक अक्षर काढतेस की समोर वाढलेलं गार होतं.

आत्यांना गाठीचं कळलं. ह्यांनी सांगितलं नव्हतं, पण तपासणीच्या खोलीबाहेर दोन शिकाऊ डॉक्टर बोलत होते ते त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून बाईंचं चित्त थाऱ्यावर नाही. पोटात किड्याचं घर आहे ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही. अंघोळीला दोनदा जातात, जेवण अर्ध्यावर आलं आहे. ह्यांना म्हणाल्या, तू आहेस ना, मग काढून टाक बाबा. आणि दुसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं, राहू दिलं तर नाही का चालणार. मी काय सांगणार? मी म्हटलं, डॉक्टर घरात असताना शिक्षिकेला कशाला विचारता.

ह्यांनी सत्तावीस तारीख धरली आहे. भूल देणारे डॉक्टर घरी आले होते, ह्यांचे जुने मित्र. ते म्हणाले, घरच्या माणसावर आपण हात चालवू नये, दुसऱ्याला करू दे. ह्यांनी ऐकलं नाही. ह्यांचं मन एकदा शिवलं की उसवत नाही, तुला ठाऊक आहे. हल्ली बोलतात कमी. मला वाटतं निवृत्तीचं मनाला लागलं आहे.

तू काळजी करू नकोस. शंभर केल्यात, त्यात एक घरची. खुशालीचं पत्र हे लिहितीलच. तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे, तो वेगळा कशाला लिहायचा.

तुझी
वहिनी


२८ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

काल सकाळी आत्याची शस्त्रक्रिया केली. सव्वातीन तास लागले. गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापडी घड्यांचे थर रचले, थेंबही बाहेर सांडला नाही. गाठ भिंतीसकट अखंड निघाली. रक्त दोन पिशव्या लागलं. मागच्या बाजूला पित्ताची एक बारीक वाट गाठीला चिकटून होती, ती बांधली. शेजारी नळी ठेवली आहे. नळीत थोडं पिवळं दिसतं, ते दोन-तीन दिवसांत थांबेल.

दुपारी ती शुद्धीवर आली. पहिला प्रश्न, टाके किती. मी म्हटलं, बावीस. म्हणाली, एवढ्याशा पोटाला बावीस, तू कापड वाया घालवतोस. हाताखालची मुलं हसली. मी बाहेर जाऊन तोंड धुतलं.

गाठ बरणीत घालून तुमच्या केंद्राकडे कुरियरने पाठवली आहे. नेहमीचा अर्ज भरला आहे. तपासून रीतसर अहवाल दे.

तुझा
दादा


७ मार्च

दादास,

बरणी काल आली. त्याच टपालात वहिनीचं वीस तारखेचं पत्र आणि तुझंही होतं. तिन्ही एकाच वेळी हातात पडली. बरणीच्या चिठ्ठीवर तुझं अक्षर आणि आत्याचं वय. मी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि बराच वेळ उघडली नाही. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, दे, मी बघते. मी दिली नाही.

अहवाल असा. भिंत चुन्याने कडक. आत पिवळट सुका लगदा, साबणासारखा. जिवंत अळी एकही नाही. अळीच्या डोक्यावरचे आकडे तेवढे सुटे सापडले, तेही झिजलेले. हा किडा मरून पंधरा-वीस वर्षं झाली असावीत. म्हणजे लंगडा गेला त्याच्या आसपास. रीतसर कागद वेगळा पाठवते.

आता बेरीतसर. मी तुझ्या पाया पडून लिहिलं होतं की काढू नकोस. का, तेही लिहिलं होतं. तू विचारलंस म्हणून लिहिलं. त्यावर हो नाही, नाही नाही, एक ओळ नाही. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. माझ्या बाबतीत सोनार नेहमी दुसरा असतो. कुठल्या परदेशी मोठ्या डॉक्टरने हेच व्याख्यानात सांगितलं असतं तर तू वहीत उतरवून घेतलं असतंस. बारकी काय, किडेवाली. तिचं पान जेवताना उलटायचं आणि नंतरही उलटलेलंच ठेवायचं. मला एवढा राग कधी आला नव्हता, आणि राग कागदावर मांडायची सवय तुम्हीच मला लावली आहे, तेव्हा घ्या.

नळीतलं पिवळं थांबलं का? ताप आहे का? नळीत रोज किती येतं ते आकड्यात लिही. मी सुट्टीचा अर्ज दिला आहे, मंजूर झाला की निघते. तोवर वहिनीला केंद्रात फोन करायला सांग, कारकून ऐकला तर ऐकू दे.

बारकी


१४ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तू आलीस, उभी राहिलीस आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. आत्यांच्या खोलीत गेलीस, त्यांचा चष्मा घेतलास, आणि ह्यांच्यासमोरून जाताना एकदाही वर पाहिलं नाहीस. मी थांबवायला हवं होतं. पण तेव्हा मलाही काही कळत नव्हतं.

तू येण्याआधीचे दिवस तुला कोणी सांगितले नसतील. चौथ्या दिवशी ताप चढला. नळीतलं पित्त थांबेना. सहाव्या दिवशी पुन्हा आत जाऊन धुतलं, या खेपेला दुसऱ्या डॉक्टरांनी. आत्या तोपर्यंत बोलत होत्या. मला म्हणाल्या, खाटेवरची चादर कोणी शिवली, कडेची शिलाई वाकडी आहे. आठव्या दिवसापासून बोलणं गेलं. नऊ तारखेला सकाळी नर्सने ह्यांना बोलावलं, तेव्हा हे दुसऱ्या एका रुग्णाच्या टाक्यांपाशी होते. हात धुऊन आले. तोवर सगळं संपलं होतं.

तुझं सात तारखेचं पत्र काल आलं. पाकीट मी फोडलं. जेवणाच्या वेळी नाही, जेवण आता कोणाला सुचतं? वाचलं आणि मला कळेना, तू कधी लिहिलंस काढू नका म्हणून. मग फेब्रुवारीचं पत्र शोधलं, ते ह्यांच्या टेबलाच्या खणात होतं. रेघेच्या आतलं पान मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. त्यात तू लिहिलं आहेस, दादा, हे तू एकट्याने वाच. ते मी वाचलंच नव्हतं गं. रेघ दिसली आणि पान उलटलं. ह्यांच्या कानावर तो शब्द गेलाच नाही. बरणीही तुला काही न कळताच आली.

तेव्हा दोष ह्यांना देऊ नकोस. तो माझा आहे. तीस वर्षं मुलांना सांगत आले, संपूर्ण उतारा वाचा आणि मग उत्तर लिहा. मी स्वतः अर्धा वाचला. आत्यांनी मला विचारलं होतं, राहू दिलं तर नाही का चालणार, आणि उत्तर माझ्या हातातल्या कागदावर होतं. मला झोप नाही, खाणं नाही. ह्यांच्याशी मी अजून याबद्दल बोलले नाही, कसं बोलू ते कळत नाही. हे दिवसभर दुकानाच्या किल्ल्या हातात घेऊन बसतात. हॉस्पिटलमध्ये रजा टाकली आहे. तू त्यांना दोन ओळी लिही. त्यांची दुसरी कोण आहे?

माफ कर म्हणायला जीभ उचलत नाही.

तुझी
वहिनी


२३ मार्च

ती. दादास व सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वहिनींचं पत्र वाचून मी आमच्या कोठीच्या खोलीत जाऊन बसले, जिथे रिकाम्या बरण्या ठेवतात. कोणी येत नाही तिथे.

वहिनी, रेघ मी ओढली. तुम्ही ती पाळलीत. इतकी महत्त्वाची गोष्ट, आणि आत्या ऐकेल या भीतीने मी ती सवयीने रेघेच्या आत घातली, आणि एकट्याने वाच हे सांगणंही आतच घातलं. दार बंद करून किल्ली आत ठेवावी तसं. बाहेर एक ओळ लिहायला काय हरकत होती? फोन करायला काय हरकत होती? कारकुनाने ऐकलं असतं तर काय आकाश कोसळणार होतं? खरं कारण निराळं आहे. फोनवर दादाला नको म्हणायची माझी छाती झाली नसती. पन्नाशीला आले तरी दादाचा आवाज ऐकला की मी परवानगी मागणारी होते. कागदावर मात्र वाघीण. आत्याने मला लिहायला शिकवलं, बोलायला शिकवायचं राहून गेलं, आणि त्याचं मोल तिनेच दिलं.

दादा, सात तारखेचं पत्र मी परत घेते. तू उत्तर दिलं नाहीस म्हणून मी तुला नाही नाही ते बोलले आणि तुला तर प्रश्नच पोचला नव्हता. जाताना तुझ्याकडे पाहिलंही नाही. ते मला आता जेवताना, काम करताना, केव्हाही आठवतं आणि हातातलं खाली ठेवावं लागतं. तू माझ्यावर रागाव, हक्काने रागाव.

एक काम आहे, ते तुलाच विचारावं लागेल. आमच्या अभ्यासात आता आत्याची नोंद करायची आहे. ज्यांची मेलेली गाठ काढली गेली अशांची एक वेगळी यादी असते. वय, गाठीचा प्रकार, शस्त्रक्रिया, पुढे काय झालं, सगळं भरलं. कितव्या दिवशी, तेही भरलं. एक रकाना उरला आहे: शस्त्रक्रिया करण्याचं कारण. मला वाटतं तिथे लिहावं की नवी माहिती शस्त्रक्रिया करणाऱ्यापर्यंत वेळेत पोचली नाही. ते खरंही आहे आणि उपयोगाचंही. दूरदूरच्या डॉक्टरांपर्यंत आमचं काम कसं पोचत नाही, हे दाखवायला अशीच नोंद लागते. तुझी संमती असेल तर तसं भरते. यादी पंधरा एप्रिलला बंद होईल.

तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा. आता मोठं असं तुम्हीच उरला आहात. मायेने दोन शब्द लिहा, तेवढ्यावर मी तग धरेन.

तुमची
बारकी


६ एप्रिल

चि. बारकीस,

चार कागद फाडून हा पाचवा लिहितो आहे.

तो रकाना तसा भरू नकोस. माहिती वेळेत पोचली होती. तुझं अकरा तारखेचं पत्र एकोणीसला आलं. वहिनीने ते जेवताना वाचलं आणि रेघेचा मजकूर वगळला, इथपर्यंत तिचं खरं आहे. दुसऱ्या दिवशी ते पत्र मी कोटाच्या खिशात घालून हॉस्पिटलला नेलं आणि दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात, कपडे बदलायच्या खोलीत बसून वाचलं. रेघेच्या आतलं. तू सांगितलंस तसं दोनदा.

हे त्याच दिवसापुरतं नव्हतं. बावीस वर्षं मी तेच करतो आहे. वहिनी वगळते ती पानं मी हॉस्पिटलमध्ये नेऊन वाचतो. तुझे उंदीर, तुझ्या गोगलगायी, मच्छीमारांच्या पायांतून शिरणारे ते जंत, सगळं मला पाठ आहे. तुझ्या पत्रावरून दोनदा मी औषधं बदलली आणि दोन्ही रोगी वाचले. हाताखालच्या मुलांना सांगायचो की अमुक संशोधन असं म्हणतं. माझी बहीण म्हणते असं मात्र कधी सांगितलं नाही. तुलाही कळवलं नाही. किडेवाली म्हणून चिडवत राहिलो. मोठ्या भावाने धाकटीकडून शिकायचं, ते कोणाला कळता कामा नये, एवढंच त्यात होतं. दुसरं काही नव्हतं.

तुझा परिच्छेद वाचला तेव्हा मला लगेच कळलं की तू बरोबर आहेस. लोकरीचा गुंडा मीच लिहिला होता, कारण मलाही शंका होती. म्हणूनच तर विचारलं. मग उत्तर आलं आणि ते मला नको होतं. मी स्वतःला सांगितलं, दहा वर्षं हा काय काळ आहे, माझी चाळीस आहेत. सांगितलं, पाचांपैकी ती एक असली तर? सांगितलं, आत्या घाबरली आहे, जेवत नाही, तिची भीती काढली पाहिजे. भीती तुझं पान वाचून दाखवल्यानेही गेली असती, गाठ मेली आहे एवढं कळलं असतं तरी ती पोटभर जेवली असती. मला ती गाठ माझ्या हाताने काढायची होती. जाण्याआधी एकदा, तिच्यासाठी, माझ्या हाताने. याला मी उपकार फेडणं म्हणत होतो.

इथपर्यंतचं लिहून परवा आधी तुझ्या वहिनीला वाचायला दिलं. तीन आठवडे ती दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरत होती आणि मी ते पाहत होतो. तिने मला सांगितलं तेव्हाही मी गप्प बसलो. तू यादीचं लिहिलं नसतंस तर कदाचित गप्पच राहिलो असतो. पण तुझ्या अभ्यासात खोटी ओळ जाणार, उद्या कोणी ती वाचून म्हणणार की डॉक्टरला माहीत नव्हतं, आणि एखादा डॉक्टर, ज्याला माहीत आहे, तो त्या ओळीच्या आड लपणार. ते होऊ द्यायचं नाही. वहिनीने वाचून कागद परत दिला आणि बाहेर गेली. दोन दिवस झाले, ती माझ्याशी बोललेली नाही. बोलेल की नाही ते मी विचारणार नाही.

अजून एक आहे. ते पहिल्या चारही कागदांत लिहिता आलं नाही म्हणून ते फाडले.

सत्तावीसला सकाळी आत्याला आत नेण्याआधी मी तिच्या खाटेशी गेलो. तिने माझ्या कोटाचं वरचं बटण तपासलं, सैल आहे म्हणाली. मग विचारलं, बारकीला विचारलंस का, ती यातलीच आहे ना. मी म्हटलं, विचारलं. तिने विचारलं, काय म्हणाली. मी म्हटलं, ती हो म्हणते. त्यावर आत्या म्हणाली, मग झालं, तुम्ही दोघं म्हणता तर बरोबरच असेल. आणि आडवी झाली.

तुझ्या नावाने मी तिला आत नेलं.

रकान्यात असं लिही: शस्त्रक्रिया करणाऱ्याला नवी माहिती होती, ती त्याने दोनदा वाचली होती, ती त्याच्या धाकट्या बहिणीने दिली होती म्हणून त्याने मानली नाही. आणि खाली माझं नाव आणि पद घाल. तुमच्या यादीत डॉक्टरची नावं नसतात हे मला माहीत आहे. या एका ओळीत घाल.

आशीर्वाद लिहायचा अधिकार आता माझा नाही, म्हणून वर तो लिहिला नाही. लोभ असावा असं मागायला तोंडही नाही. रागावूनच लिही, शिव्या देऊन लिही, समासात रेघ न ओढता लिही. पण लिही.

तुझा
दादा